पाव्हण्यांत कसला करार?

भागीदारीत कंपनी काढताय? आधी तोंड गोड करायला कुंदा वाटा. करार काय, नंतरही होतो की.

शेअर 50-50 ठेवा. 51-49 म्हटलं की तोंडं वाकडी होतात.

वकील नको. दुसऱ्या कुणाच्या तरी कराराची झेरॉक्स आणा आणि नावं बदला. (आमच्या करारात एका पानावर 'दुग्धजन्य पदार्थ' तसंच राहिलंय. आम्ही कास्टिंगचं मशीनिंग करतो.)

डायरेक्टर दोनच घ्या, एक तुम्ही, एक पाव्हणे. कंपनी कायदा 2013, कलम 174: बोर्ड मीटिंगला एक तृतीयांश संचालक किंवा दोन, जो आकडा मोठा असेल तेवढे हजर पाहिजेत. म्हणजे दोघांतला एक रुसला की मीटिंग रद्द. ती आपोआप पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी ढकलली जाते. गेले सात गुरुवार मी सकाळी अकराला बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या केबिनमध्ये 'त्याच जागी' बसतोय. चहा दोन सांगतो. एक मी पितो, दुसऱ्यावर साय धरते. मग पोऱ्या विचारतो, "मालक, ह्यो नेऊ काय?" नव्या मशीनच्या कर्जाचा ठराव बोर्डाच्या मीटिंगमध्येच व्हावा लागतो. बँक ठराव मागते. पाव्हणे फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर सुविचार मात्र रोज पहाटे. हवं काय तर पोराला मॅनेजर करा, पगार 60 हजार. त्या पोराला मोजमापाचा व्हर्नियर कुठून धरायचा ते माहीत नाही!

कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय पाव्हण्यांच्या महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या गाळ्यात ठेवा. अर्ध्या तासाचा रस्ता, मध्ये फक्त राज्य बदलतं. भागीदार अन्याय करतो म्हणून कलम 241 खाली दाद मागायची तर कार्यालय ज्या राज्यात, तिथल्या कंपनी न्यायाधिकरणात. इथं असतं तर बेंगळुरू, आता मुंबई. बेळगावच्या माणसाला तारखांचं काय? 2004 सालचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहेच की.

शेअर बाहेरच्याला विकायचे नाहीत, ही अट करारातच ठेवा, आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) घालू नका. अशी अट आर्टिकल्समध्ये नसेल तर कंपनीवर बंधनकारक नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1991 सालीच सांगितलंय. पण आपण कुठं वाचतो?

लवाद कुठं बसणार, कोण नेमणार, तेही लिहू नका. 'सामोपचाराने मिटवावे' एवढं बास.

आणि हसताय काय? तुमची ती मेहुण्याबरोबरची नवी शेड, तिचा करार वाचलात? लग्नाचा हॉल ठरवताना पाणी कुणाचं, भांडी कोण घासणार, दहादा विचारता. आणि इथं घर गहाण टाकून 'विश्वास आहे' म्हणता! विश्वास कसला, आळस आहे तो. वकिलाची फी वाचवायची हाव आहे. मीही तेच केलं, म्हणून ओरडतोय. बिनसलं तर कुणी कुणाचे शेअर घ्यायचे, किंमत कुणी ठरवायची, तिसरा डायरेक्टर कोण, हे आज लिहून घ्या, कुंदा तोंडात आहे तोवर. शंका असेल तर कारखान्यावर या.

गुरुवार सोडून.