दादाची नोटीस आणि बर्म्युडाची बोट

दादाने फॅमिली ग्रुपवर त्या नोटिशीचा फोटो टाकला तेव्हा इथे न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढत होते, कारण दुसऱ्या दिवशी बेयॉनच्या धक्क्यावरून आमची क्रूझची बोट होती. ठाण्याला घोडबंदर रोडवर त्याचा टॉवर आहे, दादा तिथला सेक्रेटरी, आणि नोटिशीखाली त्याचीच सही. "घरकाम करणाऱ्या महिला, ड्रायव्हर व डिलिव्हरी बॉय यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. मुख्य लिफ्टमध्ये आढळल्यास संबंधित सभासदास दंड आकारण्यात येईल." खाली लगेच पाच-सहा अंगठे. एका चुलतभावाने लिहिलं, बरं झालं, फार माजलेत हल्ली.

मी लिहिलं, दादा, ज्या लिफ्टने कचऱ्याचे डबे आणि कुत्री जातात त्यातून तू मावशींना पाठवणार? त्याच मावशी तुझ्या ओट्यावर पोळ्या लाटतात, तुझ्या नातीला मांडीवर घेतात, त्यांच्या हातचं चालतं आणि एक मिनिट शेजारी उभ्या राहिलेल्या चालत नाहीत?

दादाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं हे कबूल करते. २७ मजले, तीन लिफ्ट, सकाळी आठ ते नऊ ऑफिसवाले, शाळेची पोरं, दूधवाला, मावश्या, सगळे एकदम, आणि म्हाताऱ्या माणसांना दहा-दहा मिनिटं ताटकळत उभं राहायला लागतं. पण पुढे त्याने लिहिलं, "तुझ्याकडे कामवाली नाही म्हणून तुला हे सुचतंय. परदेशात बसून शिकवायला काय जातंय." ते मला लागलं. ज्या फ्लॅटमध्ये आई राहते त्याचे अर्धे पैसे माझे आहेत, हे मी टाइप केलं आणि पुसलं.

आई सध्या आमच्याकडे आहे, म्हणूनच क्रूझ ठरवली. ७६ वर्षांची, गुडघे दुखतात, तिला घेऊन फिरणार कुठे, त्यापेक्षा रूम आपल्याबरोबर चालते ते बरं. आम्ही चौघं आणि ती, पाच रात्री, बर्म्युडा. एडिसनच्या आमच्या घरून निघून हायवेच्या चौदा-ए एक्झिटला उतरलं की पाऊण तासात धक्का. संध्याकाळी बोट सुटली, न्यू यॉर्क बंदराच्या तोंडावरचा व्हेराझॅनो ब्रिज डोक्यावरून जाताना सगळी माणसं वरच्या डेकवर जमली, आता चिमणी पुलाला लागते की काय असं वाटतं आणि लागत नाही, पोरं ओरडत होती. आई मात्र रेलिंग धरून भाऊच्या धक्क्याचं सांगत बसली. तिच्या लहानपणी मालवणला बोट लांब समुद्रात थांबायची, पडावातून जायचं, लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून शिडीवर ओढून घ्यायचे. डेकवर वळकटी पसरायची आणि सकाळपर्यंत अर्ध्या लोकांना बोट लागलेली. "आणि हय लिफ्ट," म्हणाली. चौदा मजल्यांच्या बोटीत काचेची लिफ्ट, त्यात आई, हातात पर्स घट्ट धरून.

जेवणाचं वर्णन सगळेच करतात, मी थोडक्यात करते. सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे खायला मिळतं, बुफेच्या दारात एक पोरगा हात धुवा म्हणून गाणं म्हणत उभा असतो, बर्फावर स्केटिंगचा शो असतो, बिंगो, कॅसिनो, मुलांचा क्लब, रात्री रूमवर परत आलं की टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड. मुलं तीन दिवस आम्हाला दिसलीच नाहीत. पण मला विचाराल तर खरी चैन रात्रीच्या मोठ्या डायनिंग रूममध्ये. रोज तेच टेबल, तेच दोन वेटर, दुसऱ्या दिवसापासून आपलं नाव घेऊन बोलतात. पहिल्याच रात्री हेड वेटरने विचारलं, उद्यासाठी इंडियन काही करू का, आणि दुसऱ्या दिवशी डाळ, बटाट्याची भाजी आणि गरम रोटी आली. वाफ निघत होती रोटीतून. बावीस वर्षं झाली मला इथे येऊन, आणि आईकडे गेले असेन ते दिवस सोडले तर मी बसलेय आणि कुणीतरी गरम पोळी माझ्या ताटात वाढलीय असं झालेलं नाही. मी शेवटी जेवते, फ्रोझन पराठा तव्यावर टाकून, उभ्या उभ्या. दादाला वाटतं आम्ही इथे समानतेच्या गोष्टी करतो कारण आम्हाला नोकर परवडत नाहीत. त्या रोटीपुढे मला वाटलं, त्याचं थोडं खरं आहे. मला ती सेवा फार आवडली. रोज मिळाली असती तर मी काय काय नोटिशींवर सह्या केल्या असत्या, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला होता. आईला बोट लागली, ओकारी नाही पण चेहरा पांढरा, टेबलाशी डोळे मिटून बसली होती आणि माझ्या मुलीला म्हणाली, "बाय, माका गरम पाणी हवां." मुलीला मराठी समजतं, मालवणी नाही. ती माझ्याकडे बघायला लागली तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, हाडतंय हां, बसा." असिस्टंट वेटर. छातीवर बिल्ला, त्यावर नाव आणि खाली देश, इंडिया. आईचे डोळे टक्क उघडले. "मेल्या, तू खंयचो?" तो म्हणाला, "कुडाळचो."

तिथून पुढे चार दिवस आईची क्रूझ म्हणजे तो पोरगा. गरम पाणी आणलं, बरोबर हिरवं सफरचंद कापून आणलं, त्याने पोट बसतं म्हणाला. आई त्याला ताटं उचलू देईना. स्वतः एकात एक रचून ठेवायची, पेपर नॅपकिनने सांडलेलं पुसायची आणि विचारायची, जेवलंस? तो म्हणायचा, तुमचा झाला की जेवतलंय. सातवा महिना चालू होता त्याचा, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. मुलगी पाच महिन्यांची, अजून हातात घेतलेली नाही. कोर्स केले, सीडीसी म्हणजे बोटीवरच्या नोकरीचं सरकारी पुस्तक काढलं, एजंटच्या खेपा, मग अमेरिकेचा क्रूचा विसा, मग साईन ऑन, म्हणजे बोटीवर रुजू. गावात सगळे त्याला "बोटीवर असता" असं म्हणतात.

मी आईचा आणि काचेच्या लिफ्टचा फोटो ग्रुपवर टाकला. दादाचा लगेच प्रश्न. "तुमचे वेटर येतात का गं त्या लिफ्टने? विचार एकदा."

मी विचारलं. तो हसला नाही, सरळ सांगितलं. ड्यूटीवर नसलो तर पॅसेंजर लिफ्ट नाही, ताई. आमच्या वेगळ्या. खाली एक लांबच लांब पॅसेज आहे, बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सामान, कचरा, माणसं सगळं तिथून चालतं, त्याला सगळे आय-९५ म्हणतात. तुमच्या हायवेचं नाव, म्हणाला. आय-९५ हा आमच्या इथला मोठा हायवे, मी स्वतः रोज त्यावरूनच कामाला जाते.

दादाला मी हे खरं सांगितलं, लपवलं नाही. त्याने फक्त हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, म्हणजे त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने अजिबात संपलेला नाही.

कारण लिफ्ट वेगळी असली तरी त्या पोराचं कागदावर काहीतरी आहे. २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणून बोटीवर काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू, भारतानेही २०१५ मध्ये मान्य केलाय. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती लिहिलेली आहे, तासांची नोंद ठेवावी लागते, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा. आठवड्याची सुट्टी त्याला नाही, हेही त्यानेच सांगितलं, आणि दहा तासांची विश्रांती म्हणजे एखाद्या दिवशी चौदा तासांपर्यंत काम, हे मला गणित केल्यावर कळलं. तरीही लिहिलेलं आहे, बोट बंदरात आली की कुणीतरी ती नोंद तपासू शकतं. मावशींचं काय लिहिलंय? महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. दादाच्या टॉवरमध्ये किती मावश्यांची नोंद झालीये? मी विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. मग विचारलं, तुझ्या मावशींचं आडनाव काय? बारा वर्षं येतात त्या. बराच वेळ टायपिंग दिसत होतं आणि मग वहिनीने लिहिलं, "अहो, सगळे मावशीच म्हणतात ना."

बोटीवर बिल्ल्यावर नाव असतं. मला हा फरक मोठा वाटतो, कुणाला नसेल वाटत.

टिपेवरूनही वाद झाला. माणशी दिवसाला साधारण १८ डॉलर आपोआप बिलाला लागतात, आमचे पाच जणांचे पाच रात्रींचे ४५० झाले. चुलतभाऊ म्हणाला, ही तर लूट, आपल्याकडे सर्व्हिस चार्ज सक्तीने घ्यायचा नाही असं सांगितलंय. खरं आहे, २०२२ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने तसं काढलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. गिऱ्हाईक म्हणून मला ते पटतं, पण त्या भावाने कधी आपणहून वेटरच्या हातावर पन्नासची नोट ठेवलेली मी पाहिली नाहीये. हॉटेलात बिल आलं की सुट्टे परत बडीशेपेच्या बशीतून उचलणारी माणसं आहेत आमच्यात.

शेवटून दुसऱ्या रात्री सगळे वेटर नॅपकिन फिरवत गाणी म्हणत टेबलांमधून फेरी काढतात. लोक टाळ्या वाजवत होते, माझा मुलगा खुर्चीवर उभा राहून व्हिडिओ काढत होता. कुडाळचा पोरगाही नाचत होता, तेच हसू. आईने ताटातून मान वर केली नाही. रूमवर गेल्यावर म्हणाली, "भाऊ पण नाचलो असतलो काय गे?"

भाऊ म्हणजे माझा मामा. मामा बोटीवर होता, सत्तरच्या दशकात, एका परदेशी कंपनीच्या प्रवासी बोटीवर स्टुअर्ड. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर तर गोव्याचे स्टुअर्ड एकोणिसाव्या शतकापासून आहेत, आमच्या किनाऱ्याला यात नवल नाही. दीड-दोन वर्षांनी यायचा, आचऱ्याच्या घरात त्याची ट्रंक उघडली की साबणाचा वास सगळ्या ओटीवर पसरायचा, चीजचे डबे, नायलॉनच्या साड्या. आईचं लग्न त्याच्या पैशाने झालं. आणि आमच्या घरात कधीही, एकदाही, कुणी म्हटलं नाही की मामा वेटर होता. "शिपिंगमध्ये" म्हणायचे. दादाच्या लग्नाच्या बोलणीत "मर्चंट नेव्हीत" झालं. माझ्या मुलीला शाळेत फॅमिली ट्री करायचा होता तेव्हा मी स्वतः तिला "सेलर" लिहायला सांगितलं. मामा आमच्याकडे जेवायला बसला की ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवायचा, घरातले बाकी पुरुष तसेच उठायचे. आम्हाला वाटायचं मामाला सवय आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. २०२४ च्या जुलैपासून न्यू जर्सीत घरकाम करणाऱ्यांसाठी कायदा लागू आहे, लेखी करार, जेवणाची सुट्टी, सगळं. मी ग्रुपवर त्याची लिंक टाकली होती, मोठ्या तोऱ्यात. पण माझी मुलं लहान असताना चार वर्षं एक गुजराती बेन त्यांना सांभाळायच्या, सगळ्यांसारखाच आम्हीही कॅशमध्ये व्यवहार केला, करार नव्हता, आजारी पडल्या तर पैसे कापले. त्यांचं आडनाव मला माहीत नाही. वहिनीचं उत्तर वाचल्यावर मी आठवायचा प्रयत्न केला होता.

हे मी दादाला लिहिलं. आडनावाचं लिहिलं, मामाचंही लिहिलं. त्यावर अजून तरी कुणाचा अंगठा आलेला नाही.

उतरायच्या दिवशी सकाळी गर्दीत त्या पोराला आईने गाठलं. मालवणहून आणलेल्या खाज्याची पुडी तिने माझ्या मुलांपासूनही लपवून ठेवली होती, ती त्याच्या हातात कोंबली. त्याने मला विचारलं, ताई, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, न्यू जर्सी. तो म्हणाला, "ता खरा, पण गाव खंयचा?" आईने माझ्याकडे बघितलं. मी आचरा म्हटलं, आणि मराठीतच म्हटलं, मालवणी तोंडात आलंच नाही. दारावर बेल वाजवून कचऱ्याचे डबे मागणाऱ्या मावशींशी दादा अजून मालवणीत बोलतो, त्या देवगडच्या आहेत म्हणून. हे त्याचं मला कायम आवडलेलं आहे, आणि त्याच माणसाने ती नोटीस लावलीय.

डिसेंबरमध्ये आईला सोडायला जातेय. दादाला सांगितलंय, मी येताजाता मावशींबरोबर सर्व्हिस लिफ्टनेच जाणार, तीन आठवडे. तो म्हणाला, तमाशे करायचे असतील तर हॉटेलात उतर. मी तिकीट काढलंय, घरीच उतरणार आहे.