ड्रॅगन मान्य आहेत, पण आरमार दिसलं कसं नाही?

आज सकाळी सिंहगडावर एक वाक्य कानावर पडलं, ते गड उतरेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. म्हणून लिहितोय. लांबणार आहे.

देवटाक्यापासून थोडं वर पिठलं-भाकरी खायला बसलो होतो. शेजारच्या चटईवर कॉलेजातली दोन मुलं. एकाने नुकतंच ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपवलेलं, आठही सीझन, ७३ भाग. तो अगदी पोटतिडकीने विचारत होता, की डेनेरिस राणी ड्रॅगनवर बसून आकाशातून येतेय, खाली सगळा समुद्र उघडा पडलाय, तरी तिला शत्रूच्या बाजूच्या युरॉनचं आख्खं आरमार दिसत नाही? असं कसं होईल? दुसऱ्याने भाकरी मोडता मोडता त्याला उडवून लावलं, “अरे, ड्रॅगन आहेत त्यात! आणि तू होड्यांचं काय घेऊन बसलायस?”

पहिला गप्प बसला. तो गप्प बसला याचंच मला वाईट वाटलं, कारण बरोबर तो होता.

हे “ड्रॅगन चालतात ना, मग हेही चालवून घे” गेली कितीतरी वर्षं ऐकतोय. ज्यांना गोष्टीत लक्ष घालायचं नसतं त्यांचं हे ठरलेलं वाक्य. ड्रॅगन आहेत ही गोष्टीची अट आहे, ती आपण पहिल्याच दिवशी मान्य करतो. मेलेली माणसं उठतात, तेही मान्य. पण ड्रॅगन आहेत म्हणून समुद्र पारदर्शक होत नाही, घोड्याला दाणा लागायचा थांबत नाही आणि महिन्याची वाट तासाची होत नाही. जेवढं बदललं असं सांगितलंत तेवढं बदललं. बाकीचं जग आपल्यासारखंच चालणार, हा लेखकाने केलेला करार आहे.

ती मुलं बोलत होती तेव्हाच दहीवाल्या मावशी पाटी घेऊन वर आल्या. डोक्यावर चुंबळ, पाटीत पेंढा, पेंढ्यात दह्याची मडकी आणि वर ओलं फडकं. त्यांनी पाटी टेकवली, फडकं सोडलं, एकेक मडकं बोटाने चाचपून पाहिलं. एकाचा काठ उडाला होता, ते बाजूला ठेवलं. सिंहगडावर दही मिळतं ते असं मिळतं. खालून कुणीतरी डोक्यावरून आणल्याशिवाय ते वर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गोष्टीतलं दहीसुद्धा कुणीतरी वर आणावं लागतं.

आणि सुरुवातीला ही मालिका ते आणत होती! २०११ चा पहिला भाग आठवा. राजा रॉबर्ट राजधानी किंग्ज लँडिंगहून उत्तरेतल्या विंटरफेलला येतो, तेव्हा त्याची राणी सर्सी वैतागून म्हणते की महिनाभर प्रवास करतोय. एक ओळ, पण त्या एका ओळीने आख्ख्या खंडाचा आकार मनात पक्का बसला. मग विंटरफेलच्या रॉबचं सैन्य दक्षिणेला निघतं आणि नदीपाशी अडतं. उतार नाही, पूल एकच, आणि तो वॉल्डर फ्रेच्या ताब्यात. म्हणून रॉबची आई कॅटलिन वाटाघाटीला जाते, पुलाची किंमत म्हणून रॉबचं लग्न फ्रेच्या मुलीशी ठरतं. पुढे तो दुसरीशीच लग्न करतो आणि तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात रेड वेडिंग होतं, लग्नाच्या पंगतीतच रॉब आणि त्याची माणसं कापली जातात. सगळं जग हादरलं होतं २०१३ मध्ये. त्या कत्तलीचं मूळ काय? नदीला दुसरा पूल नव्हता. रॉबचं सैन्य तेव्हा सातव्या सीझनच्या वेगाने (तो पुढे येतोच) उडत पलीकडे गेलं असतं तर लग्नच ठरलं नसतं, मग वचन कुठलं मोडणार होतं? कथा भूगोलातून निघाली होती.

ब्लॅकवॉटरची लढाई घ्या, स्टॅनिस आरमार घेऊन राजधानीवर आलाय आणि टिरियन ती राखतोय. एक रिकामी बोट, तिच्यातून पाण्यावर सांडत जाणारं हिरवं वाइल्डफायर आणि ब्रॉनचा एक जळता बाण. अर्धं आरमार जळतं. पण तो डाव एकदाच चालतो, म्हणून स्टॅनिसची उरलेली माणसं किनाऱ्याला लागतात, तटाला शिड्या लावतात, टिरियनला स्वतः दरवाज्याबाहेर पडावं लागतं. साठा संपला म्हणजे संपला. असं लिहिलं की माणूस खुर्चीच्या टोकाला येऊन बघतो.

पुण्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. पानिपत आपल्याला पाठ आहे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ ला आपलं सैन्य उपाशी पोटी आणि खंगलेल्या घोड्यांवर लढायला बाहेर पडलं. दोन मोती गळाल्याचा निरोपसुद्धा नानासाहेबांना लगेच मिळाला नाही, ते वाटेत माळव्यापर्यंत आले होते तरी मध्ये दिवस गेले. युद्ध म्हणजे दाणागोटा, वैरण, निरोप आणि अंतर. तलवारी त्यानंतर.

आता सातव्या सीझनचा सहावा भाग. जॉन आणि मंडळी वॉलच्या, म्हणजे उत्तरेकडच्या प्रचंड बर्फाच्या भिंतीच्या, पलीकडे गोठलेल्या तळ्यातल्या खडकावर अडकलेत. भोवतीचा बर्फ फुटलाय, आणि तो पुन्हा धरायची वाट बघत मेलेल्यांचा वेढा. त्यांच्यातला गेंड्री धावत वॉलवरच्या ईस्टवॉच किल्ल्याला जातो, तिथून निरोप घेऊन डोमकावळा डेनेरिसच्या ड्रॅगनस्टोन बेटाला, तिथून ती उडत येते. पडद्यावर हे सगळं एका रात्रीत उरकल्यासारखं दिसतं. वॉल ३०० मैलांची, ती माप धरून नकाशावर पट्टी लावा. ईस्टवॉच ते ड्रॅगनस्टोन हजार मैलांच्या बरंच पुढे जातं. आपण हजारच धरू, म्हणजे १,६०० किलोमीटर. शर्यतीचं कबुतर ताशी ७०-८० किलोमीटर जातं, डोमकावळ्याला तेवढाच वेग देऊन टाकू. २० तास झाले, तेही कुठे न टेकता. ड्रॅगनला ताशी २०० दिले तरी परतीचे ८ तास. गेंड्रीचं धावणं आणि तिचं तयार होणं यात घातलेलं नाही. दोन दिवस सरळ धरा.

यावर एक गोष्ट कबूल करावी लागते. माणसाचं वजन पेलायला साधारण दहा सेंटिमीटर बर्फ लागतो, आणि उणे २० अंशातही फुटलेल्या तळ्यावर तेवढा धरायला एखादी रात्र जातेच. म्हणजे दोन दिवस दाखवले असते तर बर्फाशीसुद्धा जुळलं असतं! दोन पहाटा दाखवायच्या, कुणीतरी “आज दुसरा दिवस” म्हणायचं. थोरोस त्या थंडीत मरतोच, तो दुसऱ्या रात्री मेला असता. एका वाक्याचं काम होतं. ते केलं नाही, म्हणून संताप येतो.

आणि त्या साखळ्या. मेलेला ड्रॅगन तळ्याच्या तळाशी गेलाय. मेलेली माणसं मनगटाएवढ्या जाड साखळ्यांनी त्याला वर ओढतात. साखळ्या आल्या कुठून हे सोडा, हार्डहोम या मेलेल्यांनी आधी उद्ध्वस्त केलेल्या बंदराहून उचलल्या म्हणू. पाण्याखाली जाऊन त्या बांधल्या कुणी? “मेलेल्यांना श्वास लागत नाही, तळाशी चालत जातील” असं कुणी म्हणेल. ठीक. पण तळाशी चालता येतं, तर बर्फ पुन्हा धरेपर्यंत ते काठावर उभे का राहिले? खालून चालत खडकापर्यंत यायचं होतं! हार्डहोमलाही हेच पाण्याच्या काठाशी थांबले होते. नियम तुमचाच, दोनदा दाखवलेला, आणि त्याच भागात मोडलेला.

आठव्या सीझनमधल्या ‘द लाँग नाइट’बद्दल, म्हणजे विंटरफेलला मेलेल्यांशी झालेल्या लढाईबद्दल, लिहायला बसलो की हात थरथरतो. ५५ रात्री चित्रीकरण, ८२ मिनिटांचा भाग. त्या लोकांच्या कष्टांना नमस्कार. पण मांडणी बघा. ट्रेब्यूशे तटाबाहेर, खंदकाच्याही पुढे. हे वजनाच्या झोक्यावर चालणारं यंत्र, शंभर किलोच्या आसपासचा दगड दोन-तीनशे मीटर फेकणारं, पुन्हा भरायला मिनिटं घेणारं. भिंती पाडायला बनवलेलं. ते आत ठेवतात, म्हणजे शत्रू अंगावर आला तरी हातचं जात नाही. दोन-चार गोळे फेकून सगळी सोडून दिली. खंदक पायदळाच्या मागे! खंदक पुढे असतो, शत्रू त्यात अडकतो आणि तटावरून त्याला टिपतात. मागे खणलात तर आपलीच माणसं माघारीला अडकणार, आणि अडकलीच. आणि डोथ्राकी, मोकळ्या मैदानातले जगातले सर्वोत्तम घोडेस्वार, त्यांना अंधारात सरळ समोर सोडलं. मेलिसांड्रे ही आगीची पुजारीण ऐनवेळी उगवली म्हणून त्यांच्या आराखांना, वाकड्या तलवारींना, आग लागली. ती आली नसती तर? साध्या पोलादाने मेलेले मरत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तिच्याशिवायचा बेत काय होता? बायका-पोरांना ठेवलं कुठे, तर तळघरातल्या थडग्यांत, आणि शत्रू कोण, तर मेलेल्यांना उठवणारा.

दूरवर त्या ज्वाळा एकेक करून विझत जातात ते दृश्य विसरता येत नाही, हे खरं. पण त्याच सीझनच्या पहिल्या भागात सान्सा विचारते की एवढ्या फौजेला खायला काय घालायचं, ड्रॅगन खातात तरी काय. डोथ्राकी येऊन हिशोबही देतात, आज १८ बकऱ्या आणि ११ मेंढ्याच खाल्ल्या म्हणून. मला वाटलं, आलं! दह्याची पाटी वर आली! पुढच्या पाच भागांत या फौजेच्या धान्याचा विषय परत नाही.

आता थिअऱ्यांकडे येतो, कारण खरा जीव तिथे अडकलाय. लोक म्हणतात, थिअऱ्या रिकामटेकड्यांचा उद्योग. थिअरी म्हणजे लेखक हिशोब ठेवतोय यावर लावलेली पैज. जॉन हा विंटरफेलच्या नेडचा मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगारचा, हे वाचकांनी, मालिका ज्यावर बेतली त्यातलं पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आल्यावर थोड्याच काळात ताडलं होतं. कशावरून? निळे गुलाब, लियानाचं रक्ताळलेलं अंथरुण, “वचन दे, नेड” आणि नेडसारखा सरळ माणूस जॉनचा विषय निघाला की शब्द तोलून वापरतो ते. पुस्तकांचे लेखक मार्टिननी मालिका करणाऱ्या दोघांना पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारला होता, जॉनची आई कोण? त्यांनी बरोबर ओळखलं. २०१६ मध्ये सहाव्या सीझनच्या शेवटी ते पडद्यावर आलं. वीस वर्षं लोकांनी धागे सांभाळले आणि धागा खरा निघाला. यासारखं सुख नाही. ब्रॅनला पाठीवर वाहणाऱ्या होडोरचंही तसंच. त्याच्या नावामागे काहीतरी आहे हे सगळ्यांना वाटत होतं, त्याने दार धरल्यावर, ‘होल्ड द डोर’चंच ‘होडोर’ झालंय हे कळल्यावर काळीज फाटलं.

वाईट थिअऱ्याही ढीगभर होत्या, मान्य. व्हॅरिस मत्स्यपुरुष आहे म्हणे. ब्रॅन हाच मेलेल्यांचा राजा नाइट किंग, ही त्यातल्या त्यात बरी होती, होडोरच्या प्रसंगाने तिला निदान एक पाय तरी दिला होता. सर्सीला धाकटा भाऊ मारणार ही भविष्यवाणी पुस्तकातली. मालिकेने ते वाक्य घेतलंच नव्हतं, त्यामुळे ती विटांखाली मेली म्हणून मालिकेला दोष देणं बरोबर नाही. आठवा सीझन पुन्हा करा म्हणून लाखोंनी सह्या केल्या, तेही मला पटलं नाही. झालं ते झालं.

पण शेवटी झालं काय, तर जॉनच्या जन्माचा एवढा जपलेला धागा एका कैदेत आणि वॉलच्या परतीच्या वाटेवर संपला. लोकांनी नवीन थिअऱ्या मांडणं सोडून दिलं. अंतर मोजायचं नाही, साठा मोजायचा नाही, तर अंदाज कशावर बांधायचा? ज्या जगात काहीही होऊ शकतं तिथे अंदाज करता येत नाही. शेजारच्या चटईवरचा तो मुलगा आज सकाळी मोजतच होता, आणि त्याला गप्प केलं गेलं.

व्हॅरिस एकाच भागात डॉर्नमध्येही दिसतो आणि डेनेरिसच्या जहाजावरही, हे मात्र मी सोडून देतो. मध्ये महिने गेले असतील, पडद्यावर तारीख लिहिलेली नसते. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’मध्ये रेनीस ड्रॅगनवरून जमीन फोडून वर येते, शेकडो गरीब चिरडते आणि ज्यांच्याशी वैर त्यांना न जाळता निघून जाते, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आरमाराचं राहिलं. मालिकेचे लेखक म्हणाले, डेनेरिस आरमाराला विसरली. त्याच भागात आधी नकाशाच्या टेबलापाशी त्या आरमाराचं नाव निघालंय! आणि यंत्रांतून सोडलेले तीन बाण ओळीने तिच्या रेगल या ड्रॅगनला लागतात, हलत्या जहाजांवरून, पहिल्या झटक्यात. पुढच्याच भागात तटावर आणि जहाजांवर तसल्याच यंत्रांची रांग असते, समोर तिचा एकटा उरलेला ड्रॅगन ड्रोगन, आणि एकही बाण लागत नाही.

त्या मुलाला उठून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो. समुद्रावर उंचीवरून क्षितिज किती लांब, ते काढायचं असेल तर मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढ आणि ३.५७ ने गुण. ड्रॅगन ३०० मीटरवर असेल तर वर्गमूळ १७.३, क्षितिज सुमारे ६२ किलोमीटरवर. हवा स्वच्छ होती, ऊन होतं. खडकाआड लपलेली जहाजं खालून दिसत नाहीत, वरून दिसतात.

तुम्ही बसला होतात तिथून तटापर्यंत चालत गेला असतास तरी पुरे होतं. खालच्या सपाटीपासून गड सातएकशे मीटर उंच. आज धुकं नव्हतं. खडकवासल्याचं पाणी, धरणाची भिंत, पलीकडचा रस्ता आणि त्यावर सरकणाऱ्या गाड्या, सगळं दिसत होतं.