तुमच्या नकाशात आमचा डोंगर कुठं आहे?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

हवामान विभागाचा मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज आला. दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता येतो, तसाच. तापमान सरासरीपेक्षा जास्त, उष्णतेच्या लाटेचे दिवस जास्त. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी एका वाहिनीवर अख्खा महाराष्ट्र लालभडक रंगवून निवेदक ओरडत होता, आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने तोच व्हिडिओ टाकून खाली लिहिलं, "आता सगळं तीन महिने आधी कळतं, तरी हे शेतकरी दर मार्चला नुकसान झालं म्हणून रडतात." त्यावर अंगठेही आले. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

काय कळतं तीन महिने आधी? मार्चमध्ये देशाचा सरासरी पाऊस 29.9 मिलिमीटर. त्याच्या आसपास पाऊस झाला की महिना 'सरासरी' म्हणून नोंदवला जातो. त्या सरासरी महिन्यात एका संध्याकाळी दहा मिनिटं गारा पडून एखाद्या शिवारातली बाग भुईसपाट झाली तरी महिना सरासरीच राहतो. आपल्याकडे या दिवसांत माणूस बुडतो तो अशा एखाद्या संध्याकाळीच. तीन महिन्यांच्या सरासरीने कोणी बुडालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

माझ्या मामाचा सांगलीच्या तासगाव तालुक्यात बेदाण्याचा व्यवसाय आहे. शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते: द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून शेडवर जाळ्यांवर पसरतात, एकावर एक कप्पे. मग दोनेक आठवडे फक्त कोरडी हवा लागते. वर्षभराची फवारणी, छाटणी, कर्ज, सगळं त्या जाळीवर उघडं पडलेलं असतं. काही वर्षांपूर्वी मी तिथे असताना असाच मार्च होता. सगळीकडे उन्हाच्या बातम्या. दुपारी चारनंतर पूर्वेकडून आभाळ भरलं आणि वारा असा सुटला की पाऊस वरून पडायच्या ऐवजी आडवाच शेडमध्ये शिरला. बाजूचे कागद बांधायला आम्ही पळालो, पण दोर हाताला लागायच्या आधीच ते फाटले होते.

दुसऱ्या दिवशी मामी जाळीला चिकटलेले अर्धवट सुकलेले मणी बोटांनी एकेक करून सोडवत होती. बोटांना चिकट पाक, त्यावर मुंग्या. हिरवा राहायचा तो माल तपकिरी पडायला लागला होता. मी मोबाईलवरचा नकाशा दाखवून तिला म्हटलं, अगं, यात पावसाचं काहीच नव्हतं. तिने मान वर न करता विचारलं, "तुझ्या त्या नकाशात आमचा डोंगर कुठं दिसतोय गं?"

तेव्हापासून असा नकाशा दिसला की मला तेच वाक्य ऐकू येतं. कारण डोंगर खरंच दिसत नाही. अंदाजासाठी महाराष्ट्राचे चार उपविभाग आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. यातल्या 'मध्य महाराष्ट्रा'त महाबळेश्वर आहे, जळगाव आहे आणि सोलापूरही आहे! या तिघांच्या हवेत काय साम्य आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा. बरं, जिल्हा घ्या. एकट्या सांगली जिल्ह्यात पश्चिमेला शिराळ्याकडे चांदोलीचं दाट जंगल आणि सह्याद्रीचा कडा, आणि पूर्वेला जत-आटपाडीचं उघडंबोडकं माळरान. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी समुद्रावरचा दमट वारा घाट चढून येतो, पठारावरच्या तापलेल्या कोरड्या हवेला भिडतो आणि ढग उभे राहतात. कुठल्या खोऱ्यात उभे राहतील ते डोंगर आणि वारा ठरवतात. जिल्ह्याची हद्द त्यांना कोण सांगणार? एका गावात गारांचा खच आणि पलीकडच्या गावात धूळ, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

उष्णतेच्या लाटेचंही तसंच. सपाटीवर पारा निदान 40 अंशांवर गेल्याशिवाय लाट धरत नाहीत, किनाऱ्यावर 37, डोंगराळ भागात 30, आणि वर तो सहसा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावा लागतो. म्हणजे खुद्द हवामान विभागाला डोंगर आणि मैदान वेगळं आहे हे नीट माहीत आहे. त्यांच्या निकषांतच ते लिहिलेलं आहे. मग ते आमच्यापर्यंत पोचताना एकच लाल रंग का होतो? जळगावच्या केळीला लागणारं ऊन वेगळं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला नकोसं होणारं वेगळं आणि देवगडच्या हापूसची फळगळ करणारं वेगळं. वाहिनीला याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला भडक रंग मिळाला की झालं.

हो, मान्य आहे, गारपीट तीन महिने आधी सांगणं जगात कोणालाच जमत नाही. आणि वादळांच्या बाबतीत याच विभागाने कमाल केली आहे. 1999 च्या ओडिशाच्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, 2019 च्या फणीत काही डझन. ते श्रेय त्यांचंच. पुढे.

मला खरा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. तीन महिन्यांचा अंदाज आणि मामीची जाळी यांच्या मधे कोणीतरी माणूस लागतो. जो म्हणेल की काकी, पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून वादळी पावसाची हवा येतेय, बंगालच्या उपसागरावरून ओलावा येतोय, परवा-तेरवा आपल्या तालुक्यात धोका आहे, नवीन माल शेडवर चढवू नका, कागद आजच बांधून घ्या. अशी माणसं होती! देशभरात 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं कृषी विज्ञान केंद्रांमध्ये सुरू केली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्यापुरता सल्ला निघायचा, स्थानिक भाषेत, पिकाचं नाव घेऊन. 2024 च्या मार्चमध्ये ती बंद केली. मार्चमध्ये! ज्या महिन्यात गारा पडतात, त्याच महिन्यात. 2014 साली फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा-विदर्भात गारांनी काय केलं ते आपण विसरलो का? 2022 चा मार्च हा 1901 पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला मार्च ठरला, उत्तरेत गव्हाचा दाणा चिरमटला, मे महिन्यात निर्यात बंद करावी लागली. हे सगळं बघून झाल्यावर कोणाला वाटलं की शेतकऱ्याला हवामान समजावणारा माणूस नको?

ॲप आहे की, असं लगेच कोणीतरी लिहील. आहे. शेतीच्या सल्ल्यासाठी मेघदूत आहे, विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी आहे, दोन्ही चांगली आहेत, ठेवा फोनमध्ये. पण पावसाची दिशा बदलली म्हणून माल काढायचं थांबवू की नको, हे मामा ॲपला कसं विचारणार? समोरून उलटा प्रश्न यायला हवा ना: माल कितव्या दिवसाचा आहे, शेडचं तोंड कुठल्या बाजूला आहे, मजूर मिळतील का.

त्या वर्षी मामाला भरपाई मिळाली नाही. विमा बागेचा होता आणि माल शेडवर चढला होता. शिवाय ज्याच्या नोंदीवर भरपाई ठरते त्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी जेमतेम शिंतोडे नोंदले गेले, कारण केंद्र टेकडीच्या पलीकडे. मामा चिडलाही नाही. चहा पीत म्हणाला, "त्यांच्याकडं पडलाच नसंल, ते तरी काय लिहिणार?" मला त्याचा हा समजूतदारपणा सहन होत नाही. आपण त्यांच्या याच समजूतदारपणावर जगतो आणि वर ग्रुपवर 'रडतात' असं लिहितो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ज्याने ते लिहिलं तो माणूस वाईट नाही, मला माहीत आहे. त्याच्या घरात द्राक्ष डब्यातून येतं, एवढंच. त्याला मी या मार्चमध्ये तासगावला येण्याचं आमंत्रण देतेय, मामीला सांगून ठेवते.

बाकीच्यांना एक विनंती. तुमच्या आमदार-खासदारांना, जिल्हा परिषदेतल्या ओळखीच्यांना एवढंच विचारा की आपल्या जिल्ह्यात आज शेतकऱ्याला हवामानाचा सल्ला देणारा माणूस कुठे बसतो आणि त्याचा फोन नंबर काय. उत्तर आलं तर इथे खाली लिहा. मी सगळ्या जिल्ह्यांचे नंबर एकत्र करून ठेवणार आहे, आणि ज्यांचा माल सध्या शेडवर आहे त्यांना आधी पाठवणार आहे.