डिकीतलं ग्रील

“सर, मोराचं टाकू का कमळाचं?”

मिस्त्री डिझाईनचं पुस्तक उघडून दारात उभे होते. आदल्या दिवशी मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, “गाडीत ग्रील बसवायचंय.” लातुरात ग्रील म्हणजे चोर आत येऊ नये म्हणून खिडकीला लावतात ते. गाडीच्या खिडक्या आठ, म्हणून त्यांनी आठांचा हिशेबही करून आणला होता, रंगासकट.

मी त्यांना आत नेलं आणि खोक्यातलं ग्रील दाखवलं. मिस्त्रींनी झाकण उघडलं, जाळीवरून बोट फिरवलं, खाली वाकून नळ्या पाहिल्या. “म्हंजे शेगडीच की.”

“शेगडी नाही. बिल्ट-इन ग्रील आहे. अमेरिकेचं.”

“व्हय. अमेरिकेची शेगडी.”

ही शेगडी, म्हणजे ग्रील, मेव्हण्याची देणगी. पंधरा वर्षं अमेरिकेत काढून तो पुण्यात परत आला, तेव्हा कंटेनरमधून जे सामान आलं त्यात हेही होतं. तिकडे त्याच्याकडे मोटरहोम, म्हणजे चाकावरचं घर, होतं. तिकडच्या मोटरहोमच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या डिक्या असतात. त्यातल्या एका डिकीत सरकत्या ट्रेवर ग्रील बसवलेलं असतं. तळ्याकाठी गाडी थांबवायची, डिकीचं दार वर करायचं, कपाटाचा खण ओढावा तसा ट्रे बाहेर ओढायचा आणि भाजत बसायचं. हे वर्णन त्याने आमच्या ओसरीत बसून केलं आणि मी ऐकलं. चूक तिथेच झाली.

कारण गाडी माझ्याकडे होती. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ साली आलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. पुढे एक जुनी ट्रॅव्हलर मिळाली. पूर्वी ती वऱ्हाडं न्यायची. मागच्या काचेवरचं ‘शुभमंगल’ अजून पुरतं निघालेलं नाही. आत दोन बाकडी, एक ओटा, पाण्याची टाकी आणि बाजूला एक ऐसपैस डिकी. डिकीत स्टेपनी असायची.

“मग स्टेपनी कुठं जाणार?” सौ.ने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बायकांना मुद्द्याचं सोडून भलतंच सुचतं, असं तेव्हा मला वाटलं.

स्टेपनी अंगणात उतरवली. आईला ते चाललं नाही. टायरात पाणी साचतं, त्यात डास अंडी घालतात आणि महानगरपालिकेची माणसं येऊन ओरडतात. म्हणून मी आणि पुतण्याने ती गच्चीवर चढवली. मला त्यानंतर दोन दिवस सरळ उभं राहता येत नव्हतं. हे जानेवारीत. हुरड्याला जायचं, रानात गाडी लावायची, गुळभेंडी ज्वारीची कणसं ग्रीलवर भाजायची, असा बेत होता. आई तेव्हाच म्हणाली होती, “लेकरा, हुरडा गवऱ्यांच्या आगटीत भाजत असतेत. त्याला गॅसचा वास लावू लालास व्हय?” पण मी तोवर मापं घ्यायला बसलो होतो.

मापांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. ग्रीलसोबतच्या पुस्तिकेत सगळं इंचात होतं. मी सेंटिमीटरमध्ये वाढलेला माणूस. मापं मेट्रिक करण्याचा आपल्याकडचा कायदा १९५६ चा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. तेव्हा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सतरा पूर्णांक तीन अष्टमांश इंच म्हणजे ४४.१३ सेंटिमीटर. हे मी मोठ्या अभिमानाने मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण जत्रेत हरवलेल्या पोराकडे पाहतो.

“इंचात सांगा ना.”

“सतरा इंच आणि तीन अष्टमांश.”

“सतरा इंच तीन सूत. असं बोला की मराठीत.”

एका इंचात आठ सूत. मिस्त्री पुस्तिकेतली आकृती बघत गेले आणि धडाधड वाचत गेले: पाच सूत, अर्धा सूत, बारा इंच दोन सूत. इंग्रजीचं अक्षर न वाचता. सगळं जग मीटरवर गेलं. उरले फक्त अमेरिकावाले आणि आमच्या एमआयडीसीतले फॅब्रिकेटर. दोघं एकमेकांना न भेटता एकमेकांची भाषा बोलतात. मध्ये दुभाषा म्हणून मी उभा होतो आणि माझीच गरज नव्हती.

गरज नसलेला माणूस काहीतरी काम शोधतो. मी मापं वाचून दाखवायचं काम घेतलं. ट्रेसाठी ३०४ प्रतीच्या, न गंजणाऱ्या स्टीलचा पत्रा आणला होता, महाग. त्यात चौकोन कापायचा आणि ग्रील वरून सोडायचं. ग्रीलच्या काठाची पट्टी पत्र्यावर टेकते आणि ते लटकून राहतं. पुस्तिकेत आकृत्या दोन होत्या: एक ग्रीलची, दुसरी भोकाची. मी पहिलीवरून वाचलं. अठरा इंच एक सूत. मिस्त्रींनी ग्राइंडर चालवला, ठिणग्या उडाल्या, चौकोन पडला. कडेला कानस मारली. मग आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी ग्रील उचललं आणि भोकात सोडलं. विहिरीत बादली जावी तसं ते थेट खाली गेलं. माझ्या पायाच्या अंगठ्यापाशी थांबलं.

फरक सहा सुतांचा.

मिस्त्री काही बोलले नाहीत. तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग खालून चारी बाजूंनी एल पट्टी वेल्ड करून घेतली. त्यात पंधरा दिवस गेले, कारण मध्ये त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, आणि त्या लग्नाचं वऱ्हाड न्यायला, काय सांगू, आमचीच गाडी गेली.

नंतर गॅस. अमेरिकेच्या सिलिंडरला आट्याचं तोंड असतं, आपल्याकडच्या रेग्युलेटरला खटका. तोंडं जुळेनात. मेव्हण्याला फोन केला तर तो म्हणाला, तिकडचा गॅसचा दाब ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. मी आकडेमोड केली (कॅल्क्युलेटर अजून हातात होता): सुमारे २७ मिलिबार. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब ३० च्या आसपास. म्हणजे दाब जुळतो, फक्त तोंड जुळत नाही. असे संसार मी बरेच पाहिले आहेत. तिकडचा रेग्युलेटर काढला, आपला बसवला, नवी नारिंगी नळी लावली, क्लिपा आवळल्या आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर शेजारच्या कप्प्यात कासऱ्याने उभा बांधला. आडवा पडला तर नळीतून वायूऐवजी द्रव यायला लागतो, म्हणून तो उभाच हवा.

“आता वरून चार भोकं पाडतो,” मिस्त्री म्हणाले. “गॅस लीक झाला तर वर निघून जाईल.”

इथे मात्र माझा दिवस होता. मी म्हणालो, “मिस्त्री, हा गॅस हवेपेक्षा जड. वर जात नाही, खाली साचतो. भोकं तळाला.” ते क्षणभर थांबले, मग मान हलवली आणि तळाला भोकं पाडली. तीन महिन्यांत माझं एवढं एकच वाक्य बरोबर निघालं, म्हणून ते मी सौ.ला, आईला, पुतण्याला आणि दूधवाल्याला सांगितलं. पुढे त्याच भोकांतून औसा रस्त्याची सगळी धूळ डिकीत आली, ते वेगळं.

नळी एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायला मधल्या पडद्याला भोक पाडायचं होतं. मिस्त्रींनी ड्रिल लावलं, जरा जास्तच वर. दोन मिनिटांनी आतून सौ.चा आवाज आला. आत जाऊन पाहतो तो ओट्याखालच्या खणात येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, डब्यातून ड्रिलचं टोक बाहेर आलेलं, तापलेलं, आणि सगळ्या गाडीत खमंग वास. “वांगी कधी भाजाल ती भाजाल,” सौ. म्हणाली, “येसर मात्र दोनदा भाजून झालं.”

एप्रिल उजाडला. हुरडा संपून जमाना झाला होता. आता वांगी. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर लावलं. बुडबुडा नाही. ट्रे पूर्ण बाहेर ओढला, कारण बंद डिकीत पेटवायचं नाही असं पुस्तिकेत तीन ठिकाणी लिहिलंय. गल्लीतली माणसं जमली. एकाने भज्यांची प्लेट कितीला, असंही विचारून घेतलं. मी खटका दाबला. फट्ट! झाकण हललं, पिवळी ज्योत इकडून तिकडे लोळली आणि विझली. लोक दोन पावलं मागे सरकले, मी चार.

मेव्हणा फोनवर म्हणाला, बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं असेल, तिकडे नेहमी होतं. हवा मिसळत नाही, म्हणून ज्योत पिवळी. मिस्त्रींनी नळी काढून तार घातली. आतून माती पडली. चांगली ओंजळभर. कुंभारीण माशीने तीन महिन्यांत आमच्या बर्नरमध्ये आख्खं घर बांधलं होतं, गिलाव्यासकट. म्हणजे आमच्या अख्ख्या प्रकल्पात वेळेवर बांधकाम पूर्ण करणारी ती एकटीच. नळी साफ केली, पुन्हा पेटवलं. निळी, सरळ, शांत ज्योत. मिस्त्रींनी डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला. “निघाली की हो शेगडी.” मी दुरुस्ती केली नाही.

पहिली सहल खरोशाच्या लेण्यांना ठरली, लातूरहून जेमतेम तासा-सव्वातासावर. किलोभर भरताची वांगी, मिरच्या, लसूण, ज्वारीच्या भाकऱ्या घरून. मिस्त्रीही आले, ट्रे वळणावर आपोआप सरकतो का ते त्यांना बघायचं होतं. (सरकतो. आता त्याला दाराची कडी लावली आहे.) औसा सोडलं आणि निलंग्याच्या रस्त्याला लागलो. थोड्याच वेळात पुढचं चाक बसलं.

सगळे खाली उतरलो. ऊन रणरणत होतं. मिस्त्रींनी जॅक काढला, पाना काढला, बाही वर सारली आणि डिकीचं दार उघडलं. आत ग्रील चमकत होतं. त्यांनी ग्रीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सौ. भाकऱ्यांचं फडकं सोडत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. न पाहण्यात जे काही होतं ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

पुतण्याला फोन लावला. त्याने तो आईकडे दिला.

“आई, गच्चीवरची स्टेपनी त्याच्याकडं देऊन पाठव. रिक्षात टाकून आणंल तो.”

“ती न्हाई देता येत आता,” आई म्हणाली. “म्या गच्चीवर लुगडं हातरून कुरडया घातल्यात. वारं सुटलंय. एका कोपऱ्याला ती ठिवलीय. उचलली की समदं लुगडं उडंल.”

“मग आम्ही इथं उन्हात काय करायचं?”

“चार वाजेस्तोवर दम धरा. कुरडया अजून ओल्या हाईत. तवर वांगी भाजा की.”