गणपत पाटलांवर हसणाऱ्यांसाठी

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं जुन्या तमाशापटातली गणपत पाटलांची क्लिप टाकली. खाली हसरी तोंडं आणि एक ओळ, जी मी इथं लिहिणार नाही. अर्थ एवढाच की हा गडी पडद्याबाहेरही 'तसलाच' असणार. टाकणारा कोण, तर कोल्हापुरात जन्मलेला, इथंच वाढलेला, उठता-बसता 'आमचं कलापूर' म्हणून स्टेटस ठेवणारा. बाहेरच्यानं टाकलं असतं तर एवढं लागलं नसतं.

अरे, आपल्याच गावचा माणूस तो. बायकोपोरांचा संसार केलेला. नाच्या, म्हणजे तमाशातला बायकी हातवारे करणारा पुरुष, इतका अस्सल केला की लोकांनी तो उचलून थेट त्यांच्या घरात नेऊन बसवला. घरच्यांना बोलणी, पोरांच्या सोयरिकी जमवताना अडचणी. जुन्या कोल्हापूरकराला हे मी सांगायला नको. २००८ साली गेले बिचारे, तरी आपलं खिदळणं काही संपेना.

मला एवढं झोंबायला घरचंच कारण आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, भोगावतीकाठच्या आमच्या गावात जत्रेला गण-गवळणीत, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या भागात, मावशीचं विनोदी सोंग करायचे. दिवसा उसाला पाणी पाजणारा, तालमीत घुमलेला गडी. रात्री डोक्यावर पदर आला की अख्खं गाव हसून लोळायचं. तोंडावरचा रंग खोबरेल तेलानं निघायचा, काजळ मात्र निघायचं नाही. सकाळी म्हशीची धार काढताना आप्पांचे डोळे काजळलेलेच असायचे. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ताईला, म्हणजे आप्पांच्या पोरीला, बघायला पाव्हणे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचा मामा मिशीत हसत म्हणाला, "गवळणीतली मावशी ती तुम्हीच न्हवं?" आप्पा म्हणाले, "व्हय, मीच." आत स्वयंपाकघरात काकीच्या हातातली बशी तशीच राहिली. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका म्हणे! मागितली कुणी होती?

बरं, ही कला म्हणजे नुसतं कंबर हलवणं वाटतं का लोकांना? गणपत पाटलांचा कुठलाही जुना प्रसंग आवाज बंद करून बघा. समोर नायिका नाचतेय, ढोलकी कडाडतेय, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. या माणसानं कडेला उभं राहून मनगट कधी मुरडायचं, मान कधी वेळावायची आणि ते 'आत्ता गं बया' नेमकं कुठं टाकायचं, याचा हिशोब डोक्यात ठेवायचा. एक क्षण लवकर आलं तर नाच बिघडतो, उशिरा आलं तर हशा जातो. करून बघा म्हणावं आरशासमोर. पुढं निर्माते तेच काम घेऊन दारात येत राहिले आणि त्यांनी ते इमानानं केलं. घर चालवायचं होतं माणसाला.

आणि आपला दुटप्पीपणा बघा. बालगंधर्वांनी शालू नेसला की घराघरातल्या बायका तसं नेसायला शिकल्या. ज्यांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा सगळं कोल्हापूर रडलं (मीही रडले), त्या केशवराव भोसल्यांनीही स्त्रीभूमिका केल्या. १९२१ च्या संयुक्त मानापमानात, म्हणजे दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेल्या 'मानापमान' नाटकात, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, हे आपण आजही छाती फुगवून सांगतो. सांगावंच. पण संगीत नाटकात बाई झालेला नट गंधर्व, आणि तमाशात बायकी हातवारे करणारा नट चेष्टेचा विषय? यात जात, पैसा, तिकिटाचा दर, सगळं आहे. माझ्या मित्रयादीतल्या लोकांना हे फोड करून सांगायची गरज नसावी.

निळू फुल्यांचंच बघा. पडद्यावर बायकांना छळलं, त्यांना बघून बाया खरंच घाबरायच्या. तरी 'प्रत्यक्षात काय देवमाणूस' हे वाक्य आपण प्रत्येक वेळी जोडतो. खलनायकाला ही सवलत मिळते, नाच्याला का नाही?

'नटरंग' सिनेमा आला तेव्हा, १ जानेवारी २०१० ला, आपण शिट्ट्या मारल्या. आपल्या कागलच्या आनंद यादवांची कादंबरी, अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर कमवून पुन्हा उतरवलं, काय ती मेहनत! मेहनत होतीच, वाद नाही. पण त्यातल्या पैलवानाचा नाच्या झालेल्या गुणाच्या घराची परवड बघून डोळे पुसणारे हेच लोक आज क्लिपखाली दात काढतायत.

हो, त्या भूमिकांनी बायकी वागणाऱ्या खऱ्या माणसांची टिंगल वाढवली, हे कुणी म्हणेल तर मला नाही म्हणता येणार नाही. पण तो जाब लिहिणाऱ्याला विचारा, पैसे लावणाऱ्याला विचारा, टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या आजोबांना विचारा. एकट्या नटाच्या पोराबाळांकडून कसला वसूल करता?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आप्पांचं पुढचं सांगते. पुढच्या जत्रेला काकीनं हात जोडले, औंदा नको, पोरगी उजवायची आहे. आप्पा गप्प. ताईच आतून कपड्यांची पेटी घेऊन आली, त्यातलं स्वतःचं लुगडं काढलं आणि म्हणाली, "मागच्या बारीला पदर सारखा घसरत हुता, मी टाचून देते." तिनं टाचला, आप्पा उभे राहिले, आणि मामा ज्या गावचा होता तिथली माणसंही पुढं बसून हसली. ताईचं लग्न यथावकाश झालं. जावई स्वतः भजनात पखवाज वाजवतात, त्यांना हे सगळं बोहल्यावर चढायच्या आधी माहीत होतं.

गणपत पाटलांच्या घरात पदर टाचायला कोण होतं, मला माहीत नाही. कुणीतरी असेल अशी आशा.

ज्यानं क्लिप टाकली त्याला फोन केला होता. "अगं गंमत केली" म्हणाला. तुझ्या पोरीच्या सोयरिकीच्या वेळी अशी गंमत कुणी केली तर चालेल का, विचारलं. फोन ठेवला त्यानं. क्लिप अजून तिथंच आहे, ग्रुप मी सोडलाय. 'ताई, मनाला लावून घेऊ नका' असं खाली लिहिणार असाल, तर कृपा करून लिहू नका.