कातडीखालचा फुगा आणि हळदीचा जीवघेणा सल्ला

‘ताई, उद्या पाणी भरायला नेऊ की नको?’ माझ्या मावसबहिणीने परवा फोनवर विचारलं. तिची मुलगी सहा वर्षांची. उकळत्या पाण्याने डोकं भाजलं होतं. जखम भरली, पण कानामागे तळहाताएवढ्या जागेत केस परत आलेच नाहीत. म्हणून सर्जननी शेजारच्या केस असलेल्या त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी बसवली आहे. तिला टिश्यू एक्स्पांडर म्हणतात. दर आठवड्याला त्यात थोडं सलाइन भरायचं, वरची त्वचा वाढू द्यायची, मग पिशवी काढून ती त्वचा व्रणाच्या जागी सरकवायची. हे सगळं नीट चालू असताना सोसायटीच्या ग्रुपवर ‘कातडीखालचा फुगा: डॉक्टर लपवतात ते सत्य’ असा मेसेज आला आणि घरात रडारड झाली. बर्न्स वॉर्डात नर्स म्हणून नोकरी केल्यामुळे मला तो मेसेज वाचून संताप आला.

सर्वांत घातक ओळ शेवटी आहे: ‘लाली किंवा पू दिसला तर हॉस्पिटलात जाऊ नका, ते पिशवी काढून पुन्हा पैसे घेतात. हळद-एरंडेलाचा लेप लावा, सुईने थोडं पाणी काढून टाका.’

हे लिहिणाऱ्याने एकही संसर्ग झालेला एक्स्पांडर पाहिलेला नाही. जंतुसंसर्ग आणि त्वचा फाटून पिशवी उघडी पडणं हे या उपचाराचे खरे धोके आहेत, आणि दोन्हींत वेळेला फार किंमत आहे. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर जंतूंनी एकदा थर धरला की अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही. लाली पहिल्याच दिवशी दाखवली तर औषध देऊन, भरणं थांबवून, कधी थोडं सलाइन काढून पिशवी वाचवता येते. चार दिवस घरी काढले तर ती बहुधा काढावीच लागते आणि पुढची शस्त्रक्रिया काही महिने लांबते. हळदीने तर लालीच झाकली जाते. पिवळ्या कातडीवर डॉक्टरांना तरी काय दिसणार? आणि घरची सुई! पाणी भरायचा पोर्ट, म्हणजे सुई टोचायची छोटी झडप, त्वचेखाली असतो. तो बोटांनी चाचपून, जागा निर्जंतुक करून, बारीक सुईने टोचतात. घरी टोचलं तर पिशवीला भोक पडेल आणि जंतू थेट आत जातील. लाली पसरणं, जागा गरम लागणं, ताप, टाक्यांतून पाणी, त्वचा पांढरी किंवा चकचकीत पातळ दिसणं, भरल्यावर न थांबणारी कळ: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा.

‘फुग्याने कॅन्सर होतो.’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. 24 जुलै 2019 रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची स्तनरोपणं परत मागवली, आणि त्यांत स्तनासाठीचे एक्स्पांडरही होते. तोवर स्तनरोपणाशी निगडित एका दुर्मीळ लिम्फोमाचे (लसीका पेशींच्या कर्करोगाचे) जगभरात 573 रुग्ण आणि 33 मृत्यू नोंदले गेले होते. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी एक्स्पांडर बसवणार असाल तर पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, हे जरूर विचारा. पण काही महिन्यांसाठी डोक्याच्या त्वचेखाली ठेवलेल्या गुळगुळीत पिशवीबद्दल ती कारवाई नव्हती. मेसेजमध्ये हा फरक कुठेही नाही.

‘कवटी दबते, मेंदूला इजा होते.’ लहान मुलांत पिशवीखालचं हाड थोडं सपाट होतं, हे खरं आहे. पिशवी काढल्यावर काही महिन्यांत ते बहुधा पूर्ववत होतं. मेंदूबद्दलचं वाक्य निव्वळ भीती घालण्यासाठी आहे.

‘फुटला तर विष पसरतं.’ आत निर्जंतुक मिठाचं पाणी असतं. ते गळलं तर शरीर शोषून घेतं. त्रास एवढाच की पिशवी बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

‘हा मुलांवरचा नवा प्रयोग आहे.’ अमेरिकेत न्यूमन या सर्जननी कान घडवण्यासाठी त्वचेखाली रबरी फुगा वापरल्याचं 1957 साली प्रसिद्ध केलं. आजच्यासारखी सिलिकॉनची पिशवी रडोव्हान या सर्जननी 1976 मध्ये वापरली.

‘ताणलेली त्वचा कुजते.’ ती नुसती ताणली जात नाही, गरोदरपणी पोटाची वाढते तशी खरोखर वाढते. आतला थर पातळ होतो, पण रक्तपुरवठा सुधारतो. गुडघ्याखालच्या पायावर मात्र गुंतागुंत जास्त होते, म्हणून तिथे सर्जन दहादा विचार करतात.

आणि ‘त्यापेक्षा मांडीची कातडी लावा, एका दिवसात काम’ हा सल्ला. मांडीच्या त्वचेवर डोक्यासारखे केस येत नाहीत. एक्स्पांडरनेही नवी केसमुळं तयार होत नाहीत, असलेलीच थोडी दूर जातात; पण डोक्याची त्वचा साधारण दुप्पट होईपर्यंत ती विरळ झालेली डोळ्यांना जाणवत नाहीत. त्या मुलीला कानामागे तिचेच केस हवे असतील तर शेजारची त्वचा वाढवणं हाच खात्रीचा रस्ता आहे.