बिल उतरवलं पावसाने, श्रेय लाटलं फॉरवर्डने

शाळा उघडायच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो तीन वेगवेगळ्या काकांकडून आला. 'शाळा सुरू, खर्च सुरू! पाच उपाय करा, वीजबिल निम्मं करा. स्वतः अनुभव घ्या.' उपाय असे: मोबाइलचे चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. गिझर दिवसभर चालूच ठेवा, सारखा चालू-बंद केला की जास्त वीज खातो. मुलं शाळेत गेली की फ्रिज चार तास बंद करा. महिन्याला १०० युनिटच्या वर एकही जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं बिल चढ्या दराने लागतं. आणि शेवटी 'पॉवर सेव्हर' नावाची डबी प्लगला लावा. खाली डबी मागवायची लिंक.

आधी त्या 'अनुभव घ्या'कडे बघू, खरी गोम तिथेच आहे. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा १५-१६ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. म्हणजे शाळेची घंटा आणि पाऊस साधारण एकदमच. मे महिन्यात १८० वॉटचा कूलर रोज बारा तास चालला, तर महिन्याला ६५ युनिट एकट्या त्याचे. एसीवाल्यांचं तर बोलायलाच नको. झड लागली की कूलर प्लास्टिक पांघरून बाल्कनीत बसतो आणि पुढचं बिल उतरतंच; चार्जर काढून ठेवा नाहीतर तिथेच लोंबकळू द्या. मग कुणीतरी ग्रुपवर लिहितं, 'आम्ही करून पाहिलं, खरंच फरक पडला.' फरक पडलाच की! पण फॉरवर्ड पारखायचा असेल, तर जुलैची तुलना गेल्या वर्षीच्या जुलैशी करा, मेशी नको. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो.

आता चार्जर. फोन न लावलेला आजचा चांगला चार्जर अर्धा वॉटही घेत नाही. अर्धा धरला तरी महिन्याला ०.३६ युनिट. घरातले चारही काढले तर दीड युनिटसुद्धा वाचत नाही. त्याच भिंतीवरच्या सेट-टॉप बॉक्सबद्दल मात्र मेसेज चकार शब्द काढत नाही. रिमोटने बंद केल्यावर तासाभराने त्याला हात लावून बघा, कोमट लागला तर तो जागाच आहे. दहा वॉट धरले तरी महिन्याला सात युनिट. बटण बंद करायचंच तर ते तिथलं करा.

गिझरचा उपाय नुसता चुकीचा नाही, उलटा आहे. गरम पाणी सतत थंड होत असतं, आणि जितकं जास्त गरम तितकी उष्णता भराभर जाते. दिवसभर चालू ठेवलेला गिझर ही गळती दिवसभर भरून काढत बसतो. साठवणीच्या गिझरवर जे स्टार असतात, ते मुळात २४ तासांत अशी उष्णता किती वाया जाते यावरच दिलेले असतात. गळती नसतीच तर स्टार कशाला लागले असते? बंद ठेवलेला गिझर पुन्हा तापायला जी वीज घेतो, ती जास्तीत जास्त गेलेल्या उष्णतेइतकीच. चालू करण्याचा वेगळा दंड काही नसतो. बादलीभर, म्हणजे १५ लिटर, पाणी २५ अंशांवरून ४१ अंशांवर न्यायला ०.२८ युनिट लागतं. चौघांच्या अंघोळी लागोपाठ उरकल्या तर एक युनिट आणि वर थोडं.

'लागोपाठ' हेच अवघड, हे मान्य. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, तेव्हापासून आमच्याकडे थोरली सहाला अंघोळीला आणि धाकटा आठला. मधल्या दोन तासांत गिझर बंद. धाकट्याच्या आधी पाच-दहा मिनिटं लावला की झालं.

फ्रिजचा उपाय थोडक्यात निकालात काढू. चार तासांत आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर नंतर जास्त वेळ चालतो, हाती जवळजवळ काहीच लागत नाही. आणि डब्यासाठी रात्री भिजवून ठेवलेली मटकी पावसाळी हवेत आंबली, तर ती कोणत्या खात्यात मांडायची?

१०० युनिटची भीती मला सगळ्यात खटकते. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. १०१वं युनिट एकटं वरच्या दराने लागतं, पहिली शंभर जुन्याच दराने राहतात. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास आहे, त्यामुळे वरची युनिटं वाचवण्यात अर्थ आहे, एवढं या दाव्यात खरं. पण आमच्या शेजारच्या काकू महिनाअखेरीला नातवाला टीव्हीसमोर हॉलच्याच दिव्यात अभ्यासाला बसवतात, हे काही पटत नाही. ९ वॉटचा एलईडी रोज चार तास लावला, तर महिन्याला एक युनिट जेमतेम होतं. काकूंना हा हिशोब सांगून झालाय. त्या म्हणाल्या, 'तुझं बरोबर असेल रे, पण मेसेजमध्ये तसं नाहीये.'

डबीत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी किती येते याचं प्रमाण, सुधारतो, आणि कारखान्याच्या बिलात त्याला किंमत आहे. घरच्या मीटरवर आकारणी होते ती नुसत्या युनिटची, म्हणजे किलोवॅट-तासांची. ती डबीने कमी होत नाही. हिरवा दिवा मात्र आपली थोडी वीज खातो.

जूनमध्ये शाळेमुळे खरंच वीज वाढते ती ओल्या गणवेशांमुळे, आणि त्याबद्दल मेसेज गप्प. हाताने पिळलेल्या शर्ट-पँटमध्ये पाव लिटर पाणी राहिलं असं धरा. ते इस्त्रीने उडवायला किमान ०.१६ युनिट, आणि इस्त्रीची बरीच उष्णता इकडेतिकडे जात असल्याने प्रत्यक्षात बरंच जास्त. मशीनमध्ये पाच मिनिटं फिरवलं तर पाणी याच्या कितीतरी कमी विजेत निघून जातं. स्मार्ट मीटर असेल तर मशीन दिवसा लावा: १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत लागू झाली. आणि रिकाम्या हॉलमध्ये एका गणवेशासाठी रात्रभर पंखा लावू नका. ७५ वॉटचा जुना पंखा आठ तासांत ०.६ युनिट घेतो, त्यापेक्षा इस्त्री परवडली. जिथे माणसं झोपतात तिथला पंखा चालूच असतो, दोरी तिथे बांधा. आमची मुलांच्या पलंगावरून आडवी जाते. पहाटे तोंडावर मोजा पडतो अशी धाकट्याची तक्रार आहे, त्यावर चिमटे आणायचे राहिलेत.